अमेरिकेत पोलीस कृष्णवर्णीय वाहनचालकांना अधिक थांबवतात, हा वंशभेद आहे की गुन्हेगारीच्या आकड्यांवरून येणारा स्वाभाविक संशय?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. नोकरीसाठी न्यू जर्सीत येणाऱ्या भारतीयाने गाडी चालवताना पोलिसांची धास्ती बाळगावी का, हा दुसरा भाग सोपा आहे आणि त्याकडे मी शेवटी येईन. पहिल्या भागात आपण विचारले आहे की, त्या समाजात गुन्हेगारीचे प्रमाण अधिक असेल तर पोलिसांना संशय येणे स्वाभाविकच नाही का. हे वाक्य मी माझ्या सासरच्या घरात गेली अनेक वर्षे ऐकत आले आहे, म्हणून हे उत्तर लिहायला बसले. माझे मत स्पष्ट आहे. हा वंशभेदच आहे आणि तो पोलिसांना पद्धतशीर शिकवला गेला. १९८०च्या दशकात केंद्रीय अमली पदार्थविरोधी खात्याने ‘ऑपरेशन पाइपलाइन’ या नावाने राज्याराज्यांतील महामार्ग पोलिसांना अमली पदार्थ वाहून नेणारी गाडी कशी ओळखावी याचे प्रशिक्षण दिले. भाड्याची गाडी, लांबचा प्रवास, चालकाची अस्वस्थता अशा खुणांची यादी त्यात असे, आणि रस्त्यावर प्रत्यक्षात त्या यादीत चालकाच्या कातडीचा रंग सर्वांत वर जाऊन बसला.

न्यू जर्सी टर्नपाइकचे उदाहरण घ्या, कारण आपण तिथेच गाडी चालवणार आहात. या रस्त्यावर वेगमर्यादा जवळपास कोणीच पाळत नाही, त्यामुळे हजारो दोषी चालकांमधून कोणाला बाजूला घ्यायचे हे पोलिसाच्या मर्जीवर राहते. टेम्पल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन लॅम्बर्थ यांनी १९९०च्या दशकात टर्नपाइकच्या दक्षिण भागात प्रत्यक्ष गाड्या मोजवून घेतल्या. कृष्णवर्णीय प्रवासी असलेल्या गाड्या १३.५ टक्के होत्या आणि वेगमर्यादा मोडणाऱ्यांत त्यांचा वाटा १५ टक्के होता, परंतु पोलिसांनी थांबवलेल्यांत तो ३५ टक्के आणि अटक झालेल्यांत ७३ टक्क्यांच्या घरात होता. १९९६ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट फ्रान्सिस यांनी याच मोजणीचा आधार घेऊन पोलीस कृष्णवर्णीयांना वेचून लक्ष्य करत असल्याचा निष्कर्ष काढला आणि त्या आरोपींविरुद्ध अशा रीतीने मिळवलेले पुरावे बाद ठरवले. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने ‘व्रेन’ खटल्यात एकमताने ठरवले की, वाहतुकीचा कोणताही नियम मोडलेला असेल तर गाडी थांबवणे वैध आहे, पोलिसाचा खरा हेतू काहीही असो. या दोन निकालांमधले अंतर ज्याला समजले त्याला हा सगळा विषय समजला, असे मला वाटते.

मला हे अंतर १९९७ च्या हिवाळ्यात समजले. मी तेव्हा एका औषधनिर्मिती कंपनीच्या प्रयोगशाळेत विश्लेषक रसायनशास्त्रज्ञ होते. माझे वरिष्ठ कृष्णवर्णीय होते, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले, वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे आणि बोलण्यात इतके मोजके की त्यांच्या एका वाक्यासाठी बैठक थांबत असे. आम्ही दोघे एका दुसऱ्या राज्यातील कारखान्यात चाचणी-पद्धतीच्या पडताळणीचा अहवाल सादर करायला निघालो होतो. गाडी कंपनीने भाड्याने घेतलेली होती, ते चालवत होते, आणि डिकीत अहवालाच्या फाइलींची तीन खोकी होती. ज्या पोलीस खात्याच्या माणसाने आम्हाला थांबवले त्याचे नाव मी घेत नाही, कारण त्या दिवसाचा कोणताही कागद आज माझ्याजवळ नाही.

मागे दिवे लुकलुकू लागताच त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, चारही काचा खाली केल्या, आतला दिवा लावला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. परवाना आणि गाडीचे कागद त्यांनी सकाळीच सूर्यझडपेला क्लिप लावून अडकवून ठेवले होते. सकाळी मला वाटले होते की हा त्यांचा टापटिपीचा स्वभाव असावा. पोलिसाने लेन बदलताना इंडिकेटर उशिरा दिल्याचे कारण सांगितले, ते खाली उतरले, आणि मग तो पोलीस माझ्या बाजूला आला. त्याने मला गाडीपासून दूर नेऊन आवाज खाली आणून विचारले की, या माणसाला तुम्ही ओळखता का, त्याने तुम्हाला कुठून घेतले, आणि तुम्ही स्वतःच्या मर्जीने या गाडीत बसला आहात ना. मी माझे कंपनीचे ओळखपत्र पुढे केले आणि ते माझे वरिष्ठ असल्याचे सांगितले, तेव्हा त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, जणू माझे पहिले उत्तर भीतीपोटी आले असावे.

त्यानंतर डिकी उघडण्याची परवानगी मागण्यात आली. आपण नकार देऊ शकतो का, असे माझ्या वरिष्ठांनी अतिशय शांतपणे विचारले, आणि देऊ शकता, पण मग श्वानपथक येईपर्यंत थांबावे लागेल, असे उत्तर मिळाले. आमच्याकडे वेळ नव्हता. त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली. खोकी खाली काढून फाइली ओल्या गवतावर उघडल्या गेल्या, आणि वाऱ्याने उडणारी पाने मी धावून गोळा करत असताना हा डॉक्टरेट मिळवलेला माणूस गस्तीच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता. शेजारून जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून लोक मान वळवून बघत होते, आणि त्यांना काय दिसत होते हे मला नीट कळत होते. पाऊण तासाने काहीही न सापडल्यामुळे तोंडी ताकीद देऊन आम्हाला सोडण्यात आले, इंडिकेटरचे तिकीटही मिळाले नाही. कारखान्यात पोहोचल्यावर उशीर का झाला असे यजमानांनी विचारले आणि त्यांनी वाहतुकीचे कारण सांगितले. परतताना मी तक्रार करण्याचा विषय काढला. ते म्हणाले की, हे कचेरीत कळले तर पुढच्या दौऱ्यावर गाडी चालवायला कोणीतरी दुसरा दिला जाईल, आणि ते त्यांना नको होते. मग ते मुलाबद्दल बोलले. त्याला गाडीचा परवाना मिळायचा होता, आणि ते त्याला समांतर पार्किंगच्या आधी हात कुठे ठेवायचे, खिशाकडे हात नेण्याआधी ते मोठ्याने कसे सांगायचे, हे शिकवत होते.

त्या रविवारी जेवणाच्या पंगतीत मी हे सांगितले तेव्हा माझे थोरले दीर म्हणाले, "अगं, त्याने काहीतरी केले असेल. पोलिसांना दुसरे काम नाही का?" भाऊजी १९७० च्या दशकात इथे आले, स्वभावाने प्रामाणिक आहेत, अनेक मराठी कुटुंबांना त्यांनी पहिले घर मिळवून दिले. परंतु या एका विषयावर आमचा वाद आजतागायत मिटलेला नाही, आणि आपल्या प्रश्नात त्यांचाच आवाज मला ऐकू आला.

"मला एवढ्या वर्षांत कधी थांबवले नाही," हे त्यांचे पहिले म्हणणे. ते खरे आहे, आणि त्यातून एवढेच सिद्ध होते की संशयाची ती यादी त्यांच्यासाठी लिहिलेली नव्हती. २००१च्या सप्टेंबरनंतर विमानतळावर त्यांना रांगेतून बाजूला काढू लागले, तेव्हा त्यांना झालेला संताप मला पूर्णपणे रास्त वाटला होता आणि अजूनही वाटतो. त्यांना ज्या तर्काने बाजूला काढले गेले तो तर्क आणि "आकडे बघून पोलीस थांबवतात" हा तर्क एकच आहे.

दुसरे म्हणणे आकड्यांचे. अटकेचे आकडे हे पोलिसांनी कुठे शोधले याचे आकडे असतात. एका गटाच्या डिक्या अधिक उघडल्या तर त्या गटाकडे अधिक सापडणार, आणि पुढच्या वर्षी तोच आकडा डिक्या उघडण्याचे कारण म्हणून दाखवला जाणार. मेरीलँडमध्ये इंटरस्टेट ९५ वर झडती घेतलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक चालक कृष्णवर्णीय होते, परंतु झडतीत काही सापडण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय आणि गोऱ्या चालकांत जवळपास सारखे होते. तिथल्या पोलिसांनी घेतलेल्या झडत्यांची मोजणी सुरू झाली तीच मुळी हार्वर्डमधून शिकलेल्या रॉबर्ट विल्किन्स या कृष्णवर्णीय वकिलामुळे. १९९२ मध्ये आजोबांच्या अंत्यविधीहून नातेवाइकांसह भाड्याच्या गाडीने परतताना त्यांना थांबवून कुत्र्याकडून गाडी हुंगवण्यात आली, आणि त्यांनी दावा लावला. ते पुढे केंद्रीय अपील न्यायालयात न्यायाधीश झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी देशभरातील सुमारे १० कोटी थांबवण्यांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंधार पडल्यावर, म्हणजे चालकाचा रंग दिसणे कठीण झाल्यावर, थांबवलेल्यांतील कृष्णवर्णीयांचा वाटा कमी होतो. याला भाऊजींनी आजवर मला उत्तर दिलेले नाही.

तिसरे म्हणणे असे की, सभ्यपणे वागणाऱ्याला काही होत नाही. टिम स्कॉट हे रिपब्लिकन पक्षाचे कृष्णवर्णीय सिनेटर आहेत, भाऊजी त्यांच्याच पक्षाला मत देतात. स्कॉट यांनी जुलै २०१६ मध्ये सिनेटमध्ये उभे राहून सांगितले की, लोकप्रतिनिधी असताना एकाच वर्षात त्यांना पोलिसांनी सात वेळा थांबवले होते. त्याच महिन्यात मिनेसोटात फिलँडो कॅस्टील हे कृष्णवर्णीय चालक पोलिसाच्या गोळ्यांनी मारले गेले. ते शाळेच्या स्वयंपाकघराचे काम पाहत असत. त्याआधीच्या १३ वर्षांत त्यांना चाळीसहून अधिक वेळा थांबवून सहा हजार डॉलरहून अधिक दंड लावला गेला होता, आणि शेवटच्या वेळी थांबवण्याआधी पोलिसाने रेडिओवर सांगितले होते की, पसरट नाकामुळे हा चालक एका दरोड्यातील संशयितासारखा दिसतो. आपल्याजवळ परवान्याचे पिस्तूल आहे हे कॅस्टील यांनी स्वतःहून सांगितले, आणि काही क्षणांत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या पोलिसाला २०१७ मध्ये ज्युरीने निर्दोष ठरवले. सभ्यपणा याहून अधिक कसा दाखवायचा असतो?

मी सोलापूरची आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांच्यासाठी काटेरी तारेची वसाहत आमच्याच गावात होती, आणि कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यानंतरही चोरी कुठेही झाली तरी आधी पारध्यांच्या पालावर जाण्याची सवय मोडली नाही. हे भाऊजींना माझ्याइतकेच माहीत आहे. "ते वेगळे," असे ते म्हणतात आणि विषय बदलतात. मला त्यात काहीही वेगळे दिसत नाही.

काही गोष्टी मात्र न्यायाने सांगायला हव्यात. प्रत्येक पोलीस असा नसतो, आणि अंधारात अनोळखी गाडीजवळ जाणे हे त्यांच्यासाठीही धोक्याचे काम आहे. मेम्फिसमध्ये २०२३ च्या जानेवारीत टायर निकोल्स यांना गाडी थांबवून मारहाण करणारे आणि त्यांच्या मृत्यूबद्दल आरोप ठेवले गेलेले पाचही पोलीस कृष्णवर्णीय होते, त्यामुळे हा केवळ गोऱ्या पोलिसाच्या मनातील द्वेषाचा प्रश्न आहे असे मी म्हणणार नाही. न्यू जर्सीतही बदल झाले. १९९८ मध्ये टर्नपाइकवर चार तरुणांच्या व्हॅनवर पोलिसांनी ११ गोळ्या झाडून तिघांना जखमी केले. ते तरुण नॉर्थ कॅरोलायनात बास्केटबॉलच्या शिबिराला निघाले होते. त्यानंतर १९९९ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी हा पक्षपात खरोखर घडत असल्याचे मान्य केले, आणि पोलीस दल २००९ पर्यंत केंद्राच्या देखरेखीखाली राहिले. २००२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रास्त संशयाशिवाय संमतीची झडती मागण्यास मनाई केली. फिलाडेल्फियात २०२२ पासून एक दिवा बंद असणे यांसारख्या किरकोळ कारणांसाठी गाडी थांबवता येत नाही.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. भारतीय चालकाला सहसा त्रास होत नाही. तरीही २०१५ मध्ये अलाबामात मुलाकडे आलेले एक गुजराती आजोबा पायी फिरत असताना शेजाऱ्याने "कृष्णवर्णीय माणूस संशयास्पद फिरतो आहे" असा फोन केला आणि पोलिसाने त्यांना इतक्या जोरात जमिनीवर आपटले की त्यांना अर्धांगवायू झाला. थांबवल्यास गाडीतून आपण होऊन उतरू नका, हात स्टिअरिंगवर ठेवा, कागद काढण्यापूर्वी तसे सांगा, आणि झडतीला संमती नाही हे नम्रपणे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे हे लक्षात ठेवा. आपल्या कचेरीतील एखादा कृष्णवर्णीय सहकारी उशिरा आला आणि वाटेत पोलिसांनी थांबवल्याचे म्हणाला, तर भाऊजींनी मला जे पहिल्यांदा सुनावले ते कृपया त्याला ऐकवू नका. किती वेळ अडवून ठेवले, झडती घेतली का, बॅजचा क्रमांक लिहून घेतला आहे का, आणि तक्रार करायची असल्यास सोबत कोणी हवे आहे का, एवढे विचारा.