लॅपटॉपला सिमचं इंटरनेट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जुन्या ३जी डोंगलमध्ये जिओचं सिम घातलं, पण ‘नो सर्व्हिस’ येतं. अनलॉक करून आणला, तरी तेच.

उत्तर: अनलॉक केल्याने कंपनीचं कुलूप निघतं, आतला मोडेम ३जीचाच राहतो. जिओकडे २जी-३जी नाहीच. एअरटेलनेही ३जी बंद केलंय. तिथे हा डोंगल २जीवर उतरेल आणि साधी मेलही रडतखडत उघडेल. त्यावर आता पैसे घालू नका. नवा ४जी डोंगल घेताना खोक्यावर बँड (कंपनी वापरते त्या लहरींच्या पट्ट्यांचे नंबर) वाचा. जिओला ३, ५, ४० लागतात, एअरटेलला १, ३, ८, ४०.

प्रश्न: बहिणीने अमेरिकेहून आणलेल्या लॅपटॉपला सिमची खाच आहे, पण विंडोजमध्ये ‘सेल्युलर’ दिसत नाही. सिमचं इंटरनेट पकडणारं कार्ड विकत घेऊन बसवू का?

उत्तर: आधी मागचं झाकण उघडून बघा, मग पैसे काढा. बरेच लॅपटॉप एकाच साच्यातले असतात. खाच सगळ्यांना, कार्ड मात्र महागड्या मॉडेलमध्येच.

आत एम.२ची बी-की जागा (असं कार्ड बसवायची खोबण) मोकळी हवी. ४जी कार्ड साधारण ३० बाय ४२ मिलिमीटरचं असतं, ५जीचं बहुधा ५२ लांब, म्हणून स्क्रूची जागाही मोजा. दुसरी गोष्ट अँटेनाच्या वायरी. ४जीला निदान दोन लागतात आणि त्या स्क्रीनच्या कडेपर्यंत गेलेल्या असतात. त्या नसतील तर स्क्रीन उकलावी लागेल. एवढ्या खटाटोपापेक्षा डोंगल बरा. वाय-फायच्या वायरी काढून इकडे लावायचा सल्ला दुकानदार देतात, तो ऐकू नका. त्या अँटेना २.४ आणि ५ गिगाहर्ट्झसाठी असतात, बँड ५च्या ८५० मेगाहर्ट्झला त्या फारशा कामाच्या नाहीत.

तिसरी अडचण बायॉसची, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची. जुने थिंकपॅड लॅपटॉप कंपनीच्या मान्य यादीबाहेरचं कार्ड दिसलं की ‘१८०२’ एरर देऊन सुरू व्हायलाच नकार देतात. म्हणून त्याच मॉडेलसाठी कंपनीने दिलेला पार्ट नंबर शोधा, आणि त्या कार्डात आपल्याकडचे बँड आहेत ना, हेही तपासा.

प्रश्न: कोकणातल्या चिऱ्याच्या घरात डोंगलला चार कांड्या दिसतात, पण व्हिडिओ कॉल सुरू झाला की डोंगलच गायब होतो.

उत्तर: कांड्यांवर विसंबू नका. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या डोंगलच्या पानावर (हुआवेच्या बऱ्याच डोंगलांत पत्ता १९२.१६८.८.१) आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद, बघा. उणे ९०च्या आसपास असेल तर ठीक. उणे ११०च्या खाली गेला की रडगाणं सुरू. जाड चिरा २३०० मेगाहर्ट्झचा बँड ४० चांगलाच अडवतो. सिग्नल क्षीण झाला की डोंगल जास्त ताकदीने पाठवतो आणि जास्त करंट ओढतो. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर. त्यात माउस-पेनड्राइव्हचा हब मध्ये आला की डोंगल रीसेट होतो. हब काढा, एक मीटरची जाड एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल खिडकीत ठेवा. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ (वापर नसताना यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) हेही बंद करा.

प्रश्न: रोजचा दीड जीबी सकाळीच संपतो.

उत्तर: बहुधा विंडोज अपडेट आणि वनड्राइव्ह. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये कनेक्शन ‘मीटर्ड’ (डेटा जपून वापरायचं) करा. मात्र काही डोंगल विंडोजला इथरनेट म्हणून दिसतात. तेव्हा ती खूण ‘सेल्युलर’मध्ये नव्हे, ‘इथरनेट’मध्ये सापडेल.