आरओटीसी शिष्यवृत्ती: पालकांचे आणि मुलांचे प्रश्न

अमेरिकेत नेहमीसारखी कॉलेजची पदवी घेता घेता लष्करी अधिकारी होण्याचा रस्ता म्हणजे आरओटीसी. आर्मी, नौदल आणि हवाई दल या तिघांच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आणि अर्जही वेगळे. मरीनमध्ये जायचं असेल तर नौदलाचा अर्ज भरायचा, स्पेस फोर्ससाठी हवाई दलाचा. गेल्या काही महिन्यांत मराठी घरांतून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. अर्जाच्या तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, त्यामुळे त्या त्या वर्षीची तारीख अधिकृत पोर्टलवरच बघा.

मुलगी अकरावीत आहे. आर्मीचा अर्ज बारावीच्या हिवाळ्यापर्यंत भरता येतो असं कळलं. मग एवढ्या लवकर घाई कशाला? (एक आई, न्यू जर्सी)

कारण आर्मीचं निवड मंडळ वर्षातून एकदाच बसत नाही. साधारण ऑक्टोबर, जानेवारी आणि मार्च अशा बैठका होतात. पहिल्या बैठकीत निवड झाली नाही, तरी पूर्ण असलेली फाइल पुढच्या बैठकीत पुन्हा विचारात घेतली जाते आणि मधल्या काळात सॅट या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेचे वाढलेले गुण त्यात घालता येतात. ऑक्टोबरला फाइल तयार असलेल्या मुलीला तीन संधी मिळतात, हिवाळ्यात भरणारीला एक. शिवाय पहिल्या बैठकीच्या वेळी पैसे आणि जागा दोन्ही शाबूत असतात.

इथे ‘पूर्ण’ या शब्दावर सगळं अडतं. ऑनलाइन अर्ज भरून सबमिट केला म्हणजे फाइल पूर्ण झाली, असं नसतं. गुणपत्रक, शाळेच्या काउन्सेलरचा फॉर्म, सॅट किंवा तशाच एसीटी परीक्षेचे गुण, शारीरिक चाचणीचा सही केलेला कागद आणि मुलाखत, यांतलं एक जरी राहिलं तरी फाइल बैठकीपुढे जात नाही. सगळ्यात जास्त अडतं ते काउन्सेलरपाशी. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शाळा बंद होते आणि सप्टेंबरपर्यंत ईमेलला उत्तर येत नाही. म्हणून मे महिन्यातच काउन्सेलरला भेटून सांगा की उन्हाळ्यात हा फॉर्म लागणार आहे, आणि अकरावीचे गुण लागले की गुणपत्रक लगेच मागून घ्या.

दुसरी अडचण मुलाखतीची. ती घेणारे अधिकारी उन्हाळ्यात मोठ्या संख्येने केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला कॅडेट्सच्या शिबिरावर असतात. जुलैत फोन उचलला गेला नाही म्हणून घाबरू नका. जूनच्या सुरुवातीला ईमेल पाठवून ऑगस्टअखेरची किंवा सप्टेंबरची वेळ ठरवून ठेवा.

सॅट मार्च ते जूनच्या दरम्यान एकदा देऊन टाकावी, म्हणजे ऑगस्टची परीक्षा हाताशी उरते. आर्मीची किमान अट सॅट १००० किंवा एसीटी १९ आणि जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) २.५ अशी आहे. हवाई दल सॅट १२४० किंवा एसीटी २६ आणि जीपीए ३.० मागतं. मात्र किमान गुणांवर अर्ज फक्त स्वीकारला जातो, निवड व्हायला त्याच्या बरंच वर असावं लागतं. आणि जीपीए मोजतात तो अनवेटेड, म्हणजे अवघड वर्गांचे जादा गुण न धरलेला. एपीच्या (कॉलेजच्या पातळीच्या) वर्गांनी ४.३ दिसणारा आकडा इथे ३.७ होऊ शकतो, तेव्हा आधीच हिशेब करून बघा.

मुलाने कॉलेजांच्या यादीत फक्त स्टॅनफर्ड, एमआयटी आणि हार्वर्ड लिहिलंय. चालेल का? (एक वडील, बे एरिया)

लिहिता येईल, पण आम्ही असं करू देणार नाही. शिष्यवृत्ती आणि कॉलेजचा प्रवेश या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून प्रवेश मिळत नाही, आणि ती यादीतल्या ठराविक कॉलेजांशी बांधलेली असते. तिन्ही ठिकाणी नकार आला तर शिष्यवृत्ती दुसऱ्या कॉलेजात हलवायची विनंती करता येते, पण ती मान्य होईलच असं नाही. यादीत प्रवेशाची खात्री असलेली किमान दोन कॉलेजं हवीत, आणि त्यांतलं एक स्वतःच्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ असावं. बर्कलीला तिन्ही दलांचं आरओटीसी आहे. तिथला प्रवेश सोपा नाही हे खरं, पण यादीत त्याला जागा आहे.

आणखी एक बाब पालकांच्या लक्षातच येत नाही. कॉलेजात आरओटीसी ‘आहे’ याचे दोन अर्थ होतात. काही ठिकाणी आरओटीसीचं युनिट कॅम्पसवरच असतं, काही ठिकाणी शेजारच्या विद्यापीठात जावं लागतं. स्टॅनफर्डची मुलं आर्मीसाठी सांता क्लारा विद्यापीठात जातात, हवाई दलासाठी सॅन होजे स्टेटला आणि नौदलासाठी थेट बर्कलीला. पहाटेच्या कवायतीला बर्कली गाठायचं तर उठायचं किती वाजता आणि तिथल्या लॅबनंतर (आरओटीसीच्या सरावाच्या तासानंतर) दुपारच्या तासाला परतायचं कसं, हे वेळापत्रक कागदावर मांडून बघा. हार्वर्डच्या मुलांना जवळच एमआयटीत जावं लागतं, तो त्रास त्यामानाने काहीच नाही.

नौदलाकडे जायचं असेल तर विषयाला फार वजन आहे. नेव्ही पर्यायातल्या (म्हणजे मरीनमध्ये न जाता नौदलातच जाणाऱ्यांच्या) बहुतेक शिष्यवृत्त्या इंजिनिअरिंग, गणित आणि विज्ञानाच्या मुलांसाठी राखलेल्या असतात. इतिहास किंवा अर्थशास्त्र घेणाऱ्याची स्पर्धा उरलेल्या थोड्या जागांसाठी. शिष्यवृत्ती पदरात पडल्यावर विषय बदलू, असा बेत आखू नका. त्यासाठी परवानगी लागते आणि ती नाकारली जाऊ शकते.

नेमके पैसे किती मिळतात, आणि त्या बदल्यात काय द्यावं लागतं?

आर्मीत दोनपैकी एक निवडायचं असतं. एक तर पूर्ण ट्यूशन आणि सक्तीच्या फी, नाहीतर ठरलेल्या मर्यादेपर्यंत राहण्याजेवणाचा खर्च. कॉलेजने गुणवत्तेवर ट्यूशन आधीच माफ केली असेल तर दुसरा पर्याय फायद्याचा. त्याखेरीज पुस्तकांसाठी वर्षाला १,२०० डॉलर आणि शैक्षणिक वर्षात महिन्याला ४२० डॉलर हातखर्च मिळतो. हवाई दलाच्या शिष्यवृत्तीचे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात पूर्ण ट्यूशन, दुसऱ्यात वर्षाला १८,००० डॉलरपर्यंत. पत्र आलं की आधी प्रकार बघा. महागड्या खासगी कॉलेजात दुसऱ्या प्रकाराने मोठं भगदाड उरतं. आई-वडिलांचं उत्पन्न यात कुठेच बघत नाहीत, त्यामुळे ‘आमचा पगार जास्त, आपल्याला कोण देणार’ असं म्हणून अर्ज टाळू नका.

आता देण्याची बाजू. एकूण बांधिलकी आठ वर्षांची. आर्मीत साधारण चार वर्षं पूर्णवेळ नोकरी आणि उरलेली राखीव दलात. नौदलात नेव्ही पर्यायाला किमान पाच वर्षं पूर्णवेळ. हवाई दलात सर्वसाधारणपणे चार, पण वैमानिक झालात तर उड्डाणाचं प्रशिक्षण संपल्यापासून दहा वर्षं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी हा आकडा त्याच्या आयुष्याच्या निम्म्याहून मोठा आहे. घरात यावर बोलणं व्हायलाच हवं.

चार वर्षांच्या शिष्यवृत्तीत पहिलं वर्ष मोकळं असतं. ते संपताना सोडलं तर पैसे परत करावे लागत नाहीत. दुसरं वर्ष सुरू झालं की करार लागू होतो. त्यानंतर सोडलं किंवा काढून टाकलं, तर मिळालेली रक्कम फेडावी लागते किंवा साध्या सैनिकाच्या पदावर सेवा द्यावी लागते. आर्मीचं पत्र नीट वाचा: कधी कधी शिष्यवृत्ती तीनच वर्षांची असते आणि पहिल्या वर्षाची फी घरून भरायची असते. एप्रिलमध्ये हे कळून धावपळ झालेली घरं दरवर्षी दिसतात.

आम्ही दोघं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, मुलगा टेक्सासमध्ये जन्मला. त्याला अर्ज करता येतो का? त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे.

येतो. जन्माने तो अमेरिकन नागरिक आहे, तुमचा व्हिसा कोणता हे कोणी बघत नाही. उलट मुलाकडे फक्त ग्रीन कार्ड असेल तर शिष्यवृत्ती मिळत नाही, आधी नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डवर तुमच्याजवळ राहणारं मूल अठरा वर्षांचं व्हायच्या आत आई किंवा वडील नागरिक झाले, तर तेही आपोआप नागरिक होतं. पुरावा म्हणून त्याचा पासपोर्ट लगेच काढून घ्या.

ओसीआयचं मात्र जपून. ते दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे अमेरिकेच्या बाजूने ते अपात्रतेचं कारण ठरत नाही, पण सांगावं लागतं. भारताच्या बाजूने नियम असा आहे की परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय दिलं जात नाही. कार्ड आधीच असेल तर करार करण्यापूर्वी भारतीय वकिलातीकडे लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवा, आणि पुढे आजीला भेटायला जाताना व्हिसा काढावा लागू शकतो याची मनाशी तयारी ठेवा.

अधिकाऱ्याला गोपनीयतेची मंजुरी लागते. त्यासाठीच्या एसएफ-८६ या लांबलचक फॉर्ममध्ये परदेशातले नातेवाईक, परदेशी संपर्क आणि मालमत्ता लिहावी लागते. पुण्यातले काका-काकू, दर रविवारी व्हिडिओ कॉल करणारी मामेबहीण, सगळी नावं येतात. आणि साताऱ्याकडच्या शेताच्या सातबाऱ्यावर आजोबांनंतर मुलाचं नाव लागलं असेल, तर तेही. कित्येक मुलांना आपलं नाव लागलंय हेच माहीत नसतं. गावी फोन करून आत्ताच खात्री करा. नातेवाईक किंवा जमीन असणं ही सहसा अडचण नसते. ते लपवलं गेलं की होते.

मुलीला लहानपणी दमा होता. वैद्यकीय तपासणीत सांगावं का?

सांगावंच. तपासणी संरक्षण खात्याची डोडमर्ब नावाची यंत्रणा करवून घेते. दम्याबाबत त्यांची रेषा तेराव्या वाढदिवसाची आहे. त्याआधी होता आणि नंतर ना लक्षणं, ना इनहेलर, तर तो अपात्रतेचं कारण ठरत नाही. फसगत होते ती अशी: चौदाव्या वर्षी सर्दी-खोकला झाला, बालरोगतज्ज्ञांनी ‘असू दे’ म्हणून अल्ब्युटेरॉल हे दम्यावरचं इनहेलरचं औषध लिहून दिलं, आणि फार्मसीच्या नोंदीत ते राहिलं. म्हणून डॉक्टरांकडून संपूर्ण नोंदी मागवून आधी स्वतः वाचा. निदान नेमकं काय लिहिलंय ते बघा, आणि चुकीचं असेल तर डॉक्टरांकडून श्वसनाची चाचणी करून तसं पत्र घ्या.

अपात्र ठरवल्याचं पत्र आलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. संबंधित दल सूट देऊ शकतं आणि त्यासाठी जादा कागद मागवतं. ते आठवडाभरात पाठवा. चष्म्याचा नंबर उणे ८ पर्यंत चालतो. एडीएचडीची (लक्ष टिकत नसण्याच्या विकाराची) गोळी सुरू असेल तर शिष्यवृत्तीपायी ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोलूनच काय ते ठरवा.

माझे पुशअप्स मिनिटाला पंचवीसच होतात. काय करू? (एक विद्यार्थी, शिकागो)

आर्मीच्या अर्जाला एका मिनिटाचे पुशअप्स, एका मिनिटाचे कर्लअप्स आणि एक मैल धावणं लागतं. हवाई दलात पुशअप्स, सिटअप्स आणि दीड मैल. तुझी अडचण ताकदीची कमी आणि वेगाची जास्त असू शकते. बरीच मुलं पहिल्या वीस सेकंदांत पंधरा मारतात आणि मग हात थरथरायला लागतात. आठवड्यातून चार दिवस असं कर: तुझ्या कमाल आकड्याच्या निम्मे, म्हणजे बारा, असे पाच सेट, मध्ये एक मिनिट विश्रांती. दर आठवड्याला सेटमागे एक वाढव. दंड जमिनीला समांतर होईपर्यंत खाली जायचं, कंबर पडू द्यायची नाही. एका बाजूने मोबाइलवर चित्रण करून बघ. निम्मे पुशअप्स मोजलेच जाणार नाहीत असं दिसलं, तर आत्ता दिसलेलं बरं.

मैल पळताना पहिली फेरी आवरून धाव. ट्रॅकच्या चार फेऱ्यांत पहिली सगळ्यात जोरात गेली की तिसरी मोडते.

मुलगा शाकाहारी आहे. निभेल का?

निभेल. शिबिरातल्या तयार जेवणाच्या पाकिटांच्या २४ प्रकारांत साधारण चार शाकाहारी असतात. वाटपाच्या वेळी मागून घ्यावी लागतात आणि अदलाबदल करावी लागते. अंडीही खात नसेल तर प्रथिनांची सोय स्वतःच्या पिशवीत ठेवायला शिकवा.

शिष्यवृत्ती नाही मिळाली तर?

तरीही पहिल्या वर्षी आरओटीसीत नाव घालता येतं. करार न करता आर्मीचे पहिल्या दोन वर्षांचे वर्ग घेता येतात, त्यात सेवेची कोणतीही बांधिलकी नाही. कॅम्पसवरच्या तीन आणि दोन वर्षांच्या शिष्यवृत्त्या याच मुलांमधून दिल्या जातात, आणि तिथे निवडणाऱ्या अधिकाऱ्यांनी मुलीला पहाटे कवायतीला रोज पाहिलेलं असतं. पहिल्या सत्रात जीपीए ३.० च्या खाली जाऊ देऊ नका, आणि ऑगस्टमध्ये नोंदणीच्या वेळीच युनिटच्या कार्यालयात जाऊन ‘मला कॅम्पस शिष्यवृत्ती हवी आहे’ असं स्पष्ट सांगून या.