चौदा चाकू आणि एक कैरी

प्रश्न: तुमच्याकडे चाकूंचा संग्रह आहे, असं तुम्ही मागे एका उत्तरात ओघात लिहिलं होतंत. माझ्याकडेही नऊ जमलेत, त्यात एक मोठी खुकरी आहे. घरचे म्हणतात, एक ठेवा, बाकीचे वाटून टाका. तुमचा सगळ्यांत आवडता कोणता आणि तो ठरवलात कसा?
– एक वाचक, सांगली

उत्तर: माझ्याकडे चौदा आहेत. बायको सोळा म्हणते, कारण ती दोन अडकित्तेही त्यात धरते.

हाच प्रश्न दहा वर्षांपूर्वी आला असता तर मी डोळे मिटून लाल स्विस चाकूचं नाव सांगितलं असतं. कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं-अवजारं बनवायच्या विभागात, उभी हयात गेली, त्यामुळे एवढ्याशा जागेत कात्री, पेचकस, करवत बसवणाऱ्याचं कौतुक वाटणारच. पण खरं सांगतो, त्याची कात्री सोडून मी काही वापरत नाही. दात कोरायची काडी तर पहिल्याच वर्षी हरवली.

निवड मी केली नाही, हाताने केली. निवृत्तीनंतर एप्रिलमध्ये चौदाही चाकू एका ताटात मांडून ओट्यावर ठेवले. जो उचलला जाईल त्याच्या नावाची रेघ कालनिर्णयाच्या पाठीमागे. महिनाअखेरीस रामपुरीला एकही रेघ नव्हती, स्विसला सहा, आणि ओपिनेल आठ नंबरला एक्केचाळीस. एप्रिल होता, घरात कैऱ्या होत्या, हेही मान्य.

ओपिनेल हा फ्रान्समधल्या साव्हुआ या डोंगराळ भागातला चाकू. जोसेफ ओपिनेलने 1890 च्या सुमारास तो शेतकऱ्यांसाठी केला. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ, साडेआठ सेंटीमीटरचं पातं, आणि 1955 मध्ये आलेलं एक फिरतं कडं. ते फिरवलं की पातं बोटांवर मिटत नाही. स्प्रिंग नाही, खटका नाही. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. माझा कार्बन स्टीलचा आहे. पातं पातळ, म्हणून कैरी चिरताना फोड फाकत नाही, सरळ उतरते. पहिल्याच कैरीने पात्यावर निळसर-काळे डाग पडले, तेव्हा बायको म्हणाली, “बिघडवलात!” बिघडला नाही. तो रंग गंजाला थोडा आवर घालतो. काम झालं की लगेच पुसायचा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. लाल गंज दिसला तर मात्र हयगय नको.

पावसाळ्यात मूठ फुगते आणि पातं आत अडकून बसतं. पहिल्या जुलैत मी पकडीने ओढून पात्यावर ओरखडा पाडून घेतला. साव्हुआतले लोक मिटलेल्या चाकूच्या मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकतात, की पातं आपसूक डोकं वर काढतं. हे आधी कळलं असतं तर तो ओरखडा नसता. धार घरीच लावा, ऑइलस्टोनवर, म्हणजे तेल टाकून धार लावायच्या दगडावर, पातं जवळजवळ आडवं धरून. सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे दिलात तर हा पातळ चाकू तो दोन वर्षांत संपवेल.

आता तुमची खुकरी. शेती, घरकाम किंवा उद्योगाच्या कामाव्यतिरिक्त नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागू शकतो. आधी फूटपट्टी लावा. माप त्यापुढे गेलं तर वाटावाटीच्या आधी पोलीस ठाण्यात विचारा.

उरलेले द्या खुशाल, पण फुकट देऊ नका. माझा ओपिनेल आमच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या एका फ्रेंच इंजिनिअरने जाताना दिला. माझ्या हातात चाकू ठेवला आणि स्वतःचा तळवा पुढे केला. मला वाटलं, किंमत मागतोय. त्याला एक नाणं हवं होतं. त्यांच्याकडे चाकू भेट दिला की मैत्री तुटते म्हणतात, म्हणून घेणाऱ्याने नाणं देऊन तो विकत घ्यायचा. खिशात दोन रुपयांचं होतं, तेच दिलं. त्याने सुटे परत दिले नाहीत.