जपानी शाळेतली तुझी माणसं

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझी तक्रार मला नवी नाही. मुलं लाघवी आहेत, तास रंगतात, पण शोकुइनशित्सूत, म्हणजे शिक्षकांच्या खोलीत, दिवसभर कुणी धड दोन वाक्यं बोलत नाही आणि संध्याकाळी तू एकटीच घरची वाट धरतेस. जपानमध्ये इंग्रजी शिकवायला गेलेल्या कितीतरी जणांचे सुरुवातीचे महिने असेच जातात. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आधी त्या खोलीकडे नीट बघ. टेबलं इयत्तेनुसार जोडलेली, समोर क्योतो-सेन्सेइ म्हणजे उपमुख्याध्यापक, आणि प्रत्येकापुढे वह्यांचा ढीग. २०१८ साली ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने शिक्षकांची पाहणी केली. तीत जपानच्या सातवी ते नववीच्या शिक्षकांचा कामाचा आठवडा ५६ तासांचा निघाला, पाहणीतल्या सगळ्या देशांत मोठा. तास संपले की बुकात्सु, म्हणजे मुलांचे खेळांचे आणि छंदांचे वर्ग. त्यानंतर पालकांचे फोन, मग उद्याची तयारी. ती माणसं तुला टाळत नाहीत गं, दमलेली असतात. शिवाय इंग्रजीत चूक झाली तर काय, हा संकोच गणिताच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकाला असतोच.

म्हणून गप्पांची वाट बघत बसू नकोस, त्यांच्या कामात जाऊन उभी राहा. दुपारी मुलं वर्ग झाडतात, फरशी पुसतात, तेव्हा तूही फडकं हातात घे. आठवड्यातून एखाद्या दिवशी टेबल टेनिसच्या किंवा सुलेखनाच्या बुकात्सूला जा. क्रीडादिनाआधी मैदानावर तंबू उभारायला हात लाव. तिथे तुझं मोडकंतोडकं जपानी पुरतं, कारण दोरी कुठे बांधायची एवढंच बोलायचं असतं. माझ्या शाळेतल्या सगळ्यात अबोल शिक्षिकेशी माझी मैत्री अशीच, खुर्च्या वाहता वाहता झाली. सकाळी खोलीत शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं 'ओहायो गोझाइमास', म्हणजे सुप्रभात, म्हण आणि निघताना 'ओसाकि नि शित्सुरेइ शिमास', म्हणजे 'तुमच्या आधी निघते, माफ करा', म्हटल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकू नकोस. इतर अजून काम करताहेत आणि आपण आधी निघतोय, याची जाणीव तुला आहे, हे त्यातून त्यांना कळतं.

आता पार्ट्यांबद्दल. एप्रिलमध्ये नव्यांच्या स्वागताची कांगेइकाइ, डिसेंबरमध्ये वर्षअखेरची बोनेनकाइ, मार्चमध्ये निरोपाची सोबेत्सुकाइ. बऱ्याच शाळांत शिक्षकांचं शिनबोकुकाइ नावाचं मंडळ असतं, त्याची वर्गणी जमवून हे सगळं चालतं. तू खासगी कंपनीमार्फत नेमलेली आहेस, म्हणून त्या यादीत तुझं नाव राहून जाऊ शकतं. कुणी मुद्दाम वगळलंय असं समजू नकोस. क्योतो-सेन्सेइंना सरळ विचार, 'मलाही येता येईल का?' हा प्रश्न त्यांना आवडेल.

खर्च साधारण चार ते सहा हजार येन येतो. पहिल्या वर्षी तो सोस. हो म्हटलंस की जायचंच. ऐनवेळी रद्द केलंस तर बहुधा पैसे भरावेच लागतात आणि आयोजकाची धावपळ होते ती वेगळीच. 'कांपाइ', म्हणजे सगळ्यांनी मिळून पेले उंचावणं, होईपर्यंत पेल्याला तोंड लावायचं नाही. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. तुझ्यासाठी यातच खरी संधी आहे: बाटली हातात घेऊन एकेकाच्या जागी जा, पेला भर, नाव सांग, दोन वाक्यं बोल. दारू घेत नसशील तर ऊलाँग चहा माग. कुणी आग्रह केला तर हसून नाही म्हण, कारण देत बसू नकोस. जेवणाचं मात्र आयोजकाला आठवडाभर आधी लिहून दे: मांस नको, मासे नकोत. नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही, कारण मिसो सूपच्या दाशीत, म्हणजे मूळ रश्शातही, बहुधा मासा असतो आणि थंड तोफूवर सुकवलेल्या बोनितो माशाचा कीस भुरभुरलेला असतो. निघताना पोटाला आधार म्हणून घरून थोडा भात खाऊन जा.

दोन तासांनी पहिली बैठक संपते. पुढच्या निजिकाइला, म्हणजे दुसऱ्या बैठकीला, जायलाच हवं असं नाही. गेलीस तर घरी कसं परतायचं ते आधी ठरव. प्यायलेल्या माणसाच्या गाडीत जाणूनबुजून बसणं हाही जपानमध्ये गुन्हा आहे आणि नोव्हेंबर २०२४ पासून पिऊन सायकल चालवण्याचे नियमही कडक झालेत. याबाबतीत कुणाचाही मान राखायला जाऊ नकोस.

एक गोष्ट तुला नक्की टोचेल. शुक्रवारी रात्री ज्यांनी तुझ्याबरोबर गाणी म्हटली, घरची दुःखं सांगितली, तेच सर सोमवारी तुला फक्त मान झुकवून नमस्कार करतील. याचा अर्थ ती जवळीक खोटी होती असा काढू नकोस. ती त्या रात्रीच्या टेबलाशी ठेवायची असते, शाळेत तिचा उच्चार करायचा नाही. त्यांनी काय सांगितलं ते तिसऱ्याला कळता कामा नये, इतर परदेशी शिक्षकांना तर मुळीच नाही. सोमवारी एवढंच म्हण, 'परवा बोलावल्याबद्दल आभार'. हळूहळू तुझ्या लक्षात येईल की कॉपी मशीनपाशी ते तुझ्यासाठी क्षणभर जास्त थांबतात.

सुट्टीत पुण्याला आलीस की परतताना चिक्की ने, प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळलेला. सगळ्यांच्या टेबलावर एकेक ठेव, कार्यालयातल्या लिपिकाला आणि शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनाही विसरू नकोस. शेंगदाण्याची असेल तर तसं चिठ्ठीवर लिही, ॲलर्जीबद्दल तिथे फार जपतात.

आणि वेळ हातात फार आहे असं समजू नकोस. सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या दर काही वर्षांनी बदल्या होतात. यादी मार्चच्या अखेरीस जाहीर होते, स्थानिक वर्तमानपत्रातही छापून येते, आणि १ एप्रिलला ती व्यक्ती दुसऱ्या शाळेत रुजू झालेली असते. तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पहिल्या आठवड्यात तुला छत्री दिली होती, असं तू लिहिलं आहेस. त्यांना या शनिवारी कॉफीला बोलाव.

तुझी,
ताई