काजूच्या बागेतल्या गोचिडी: पातेरा टाकता कुठे ते आधी पाहा

ताई, बागेतून आल्यावर तुमच्या मुलाच्या काखेत गोचीड सापडली आणि विषारी फवारा नको आहे, हे वाचून आमचेच दिवस आठवले. आमचंही भाट, म्हणजे काजूची बाग, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, रानाला लागून.

अंगभर कपडे, मोजे वगैरे कुणीही सांगेल. मी माझी चूक सांगते. बिया वेचायला बरं म्हणून काजूखालचा सगळा पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पानं, झाडला आणि खत होईल म्हणून गोठ्यामागे, फणसाच्या सावलीत त्याचा ढीग घातला. गाई दिवसभर रानात चरायच्या, रात्री त्या ढिगाशेजारी बसायच्या. रक्त पिऊन टम्म झालेली मादी गळून पडते आणि अशाच ओलसर सावलीत अंडी घालते, तीही हजारांच्या घरात. पुढच्या डिसेंबरात ढिगाजवळच्या गवतावरून पांढरा पंचा ओढला, तर तिळाहून बारीक करडी पिल्लं त्यावर चालत होती. न्हाणीची वाट तिथूनच जायची, पोरं रोज तिथून अनवाणी. अजून अंगावर काटा येतो.

आता पातेरा घरगोठ्यापासून लांब, उन्हातल्या खड्ड्यात जातो. जाळू मात्र नका. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्याच्या रानात वणवे पेटले ते आपण पाहिलेत. रान आणि अंगण यांच्यामध्ये दोन हात रुंद पट्टा साफ केला, चिऱ्याची खडी घातली आणि वरच्या फांद्या छाटल्या. उन्हात, कोरड्यात गोचीड टिकत नाही. माझ्या मते फवाऱ्यापेक्षा हेच मोठं काम आहे. गाईचे कान, कास, शेपटीचं मूळ रोज संध्याकाळी तपासायचं, निघालेली गोचीड साबणाच्या पाण्यात टाकायची, बोटांनी चिरडायची नाही. निंबोळी तेलाने मला फारसा फरक दिसला नाही. तुमच्याकडे दिसेलही.

मी डॉक्टर नाही, पण माकडताप हलक्यात घेऊ नका, तो गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो आणि माकडंही त्याने मरतात. 2015 मध्ये आपल्याच पाळी गावात तो आला होता. डिसेंबर ते मे जपा. अंगावरची गोचीड बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा, रॉकेल लावू नका. नंतर ताप, डोकेदुखी आली तर काजूच्या बागेत गेलो होतो हे डॉक्टरना आपणहून सांगा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

गोचिडी आहेत का ते पाहायला पंचा दव सुकल्यावर ओढा, ओल्या गवतावर काही कळत नाही. आधी गोठ्यामागे.