पीआरवाल्यांनी ब्रँडसाठी सोशल मीडिया कसा वापरावा?

तुम्ही पीआर एजन्सीत नुकतेच रुजू झालात, क्लायंट 'सोशल मीडियावर काहीतरी करा' म्हणतोय आणि नेमकं काय करायचं असा तुमचा प्रश्न आहे. बरीच वर्षं पुण्यात हेच काम करतोय, त्यावरून सांगतो. रोजच्या पोस्ट मार्केटिंगवाल्यांना टाकू द्या. आपलं काम म्हणजे लोक काय बोलताहेत ते ऐकणं आणि वेळेत, माणसासारखं उत्तर देणं. प्रेस रिलीज जशीच्या तशी फेसबुकवर चिकटवली तर ती फक्त क्लायंटचे कर्मचारी लाइक करतात.

मॅगीचं प्रकरण जरूर अभ्यासा. २०१५च्या मे महिन्यात मॅगीत शिसं आणि एमएसजी (चव वाढवणारा पदार्थ) असल्याच्या बातम्यांनी रान पेटलं. लोक ट्विटरवर विचारत होते, 'घरातलं पाकीट पोरांना देऊ की नको?' कंपनीकडून, म्हणजे नेस्लेकडून मात्र जवळपास एकाच साच्यातली तांत्रिक उत्तरं जात होती. माहिती दिली जात होती, पण विचारणाऱ्या आईला हवं ते त्यात नव्हतं. ५ जूनला बंदी आली, आणि कंपनीचे जागतिक प्रमुख दिल्लीत पत्रकारांसमोर बसले तेही त्याच दिवशी. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, नव्याने तपासण्या करायला सांगितल्या. त्याच काळात 'वी मिस यू टू'च्या छोट्या फिल्म आल्या: मॅगीविना अडलेली एकटी राहणारी पोरं, आणि उत्पादनाच्या गुणांबद्दल अवाक्षर नाही. माझ्या मते कंपनी तिथे पहिल्यांदा ग्राहकाच्या भाषेत बोलली. नोव्हेंबरमध्ये स्नॅपडील या ऑनलाइन खरेदीच्या साइटवर मॅगीचे ६०,००० किट पाच मिनिटांत संपले. अर्थात प्रयोगशाळांचे अहवाल बाजूने आले नसते तर कुठल्याही फिल्मने काही झालं नसतं.

उत्तराला उशीर होतो तो लिहिण्यामुळे नाही, मंजुरीमुळे. लीगल एक शब्द काढतं, फॅक्टरी दुसरा घालते आणि खुलासा निघतो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. म्हणून सगळं शांत असतानाच तीन-चार मसुदे मंजूर करून घ्या. उदाहरणार्थ: 'तुमची तक्रार मिळाली. पाकिटावरचा बॅच नंबर आणि दुकानाचं नाव मेसेजमध्ये पाठवा. उद्या दुपारपर्यंत आमच्याकडून फोन येईल.' आणि फोन खरंच गेला पाहिजे! पहिलं उत्तर सगळ्यांना दिसेल असं द्या, मगच इनबॉक्समध्ये जा. तक्रारीची कमेंट उडवू नका. स्क्रीनशॉट आधीच फिरलेला असतो आणि मग कमेंट उडवली हीच बातमी होते.

इन्फ्लुएन्सर घेतलात तर पैसे, फुकट वस्तू किंवा सहल, काहीही दिलं असलं तरी ते पोस्टमध्ये स्पष्ट लिहायला लावा. एएससीआयचे (जाहिरात क्षेत्राची स्वतःवर लक्ष ठेवणारी संस्था) नियम २०२१पासून आहेत, ग्राहक व्यवहार मंत्रालयाने जानेवारी २०२३मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत.

महिन्याच्या रिपोर्टमध्ये क्लायंट लाइक्सचा आकडा मागेलच, तो द्या. शेजारीच पहिलं उत्तर जायला किती वेळ लागला आणि किती तक्रारी खरोखर मिटल्या तेही लिहा. हा शेवटचा आकडा कस्टमर केअरवाले सहजी देत नाहीत, तेव्हा त्यांच्यातल्या कुणाशी तरी आत्ताच ओळख काढून ठेवा.