स्टार्लिंग चुकला की आमची आकृती?

प्रश्न : मॅडम, मी वैद्यकीय शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. केशवाहिनीच्या, म्हणजे सगळ्यांत बारीक रक्तवाहिनीच्या, धमनीकडच्या टोकाला पाणी बाहेर पडतं आणि शिरेकडच्या टोकाला परत आत शोषलं जातं, अशी आकृती आमच्या पुस्तकात आहे. वर 'स्टार्लिंगचा सिद्धांत' असं लिहिलंय. एक सीनियर म्हणाले, हे आता चुकीचं ठरलंय. मग त्याचं नाव अजून का? आणि परीक्षेत काय लिहू?

उत्तर : आधी कबुली देते. ती आकृती मीही वर्षानुवर्षं फळ्यावर काढली. एका बाजूला लाल खडू, दुसऱ्या बाजूला निळा. पाणी बाहेर ढकलणारा रक्ताचा दाब इकडे ३५, तिकडे १५ (मिलिमीटर पारा), पाणी आत खेचणारी रक्तातल्या प्रथिनांची ओढ दोन्हीकडे २५. वजाबाकी केली की दहा बाहेर, दहा आत. मुलं खूश, मीही खूश. शरीराचा हिशेब इतका चोख कसा जुळतो, अशी शंका मला तेव्हाच यायला हवी होती. आली नाही.

आता मूळ निबंधाकडे ये. तो १८९६ सालचा, 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'तला. अर्नेस्ट स्टार्लिंग तेव्हा लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये होता. लसीका, म्हणजे ऊतकांत (पेशींच्या थरांत) साचलेलं पाणी वेगळ्या वाहिन्यांतून रक्तात परत नेणारा द्रव, कशी तयार होते यावर त्या काळी जोरदार वाद चालला होता. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ लुडविगचं म्हणणं, ती दाबाने गाळली जाते. त्याच क्षेत्रातल्या हायडेनहाइनचं म्हणणं, केशवाहिनीच्या पेशी ती स्रवतात. स्टार्लिंग ब्रेस्लाउला हायडेनहाइनच्याच प्रयोगशाळेत काम करून आलेला, आणि परतल्यावर त्याच्याच विरुद्ध गेला! पण त्याने खरा विचार केला तो उलट बाजूचा: बाहेर गेलेलं पाणी रक्तात परत येतं कसं? कुत्र्याच्या मागच्या पायात मिठाचं पाणी टोचून त्याने सूज आणली आणि त्या पायातून रक्त फिरवत ठेवलं. रक्त पातळ होत गेलं. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) टोचून पाहिलं, तर ते मात्र शोषलं जाईना. दोन्हींत महत्त्वाचा फरक प्रथिनांचा. म्हणजे पाणी आत ओढतात ती रक्तातली प्रथिनं, आणि केशवाहिनीतला दाब व ही ओढ यांचा तोल असतो. त्याचं म्हणणं एवढंच.

तुझ्या पुस्तकातल्या आकृतीला आधार मिळाला तो नंतर. १९२० च्या दशकात लँडिसने बेडकाच्या एकेका केशवाहिनीत बारीक काचेची नळी घालून आतला दाब मोजला. एका टोकाला तो जास्त, दुसऱ्या टोकाला कमी. मग आकृती काढायचा मोह कोणाला आवरणार?

बिनसलं ते इथेच. ऊतकांतल्या द्रवातही प्रथिनं बरीच असतात, ती नीट मोजून हिशेबात धरली की शिरेकडच्या टोकालाही पाणी आत येण्याइतकी ओढ उरत नाही. पुढे १९९० च्या दशकात मिशेल आणि वाइनबॉम यांनी मांडलं की प्रथिनांना अडवणारी खरी चाळण म्हणजे वाहिनीच्या आतल्या भिंतीवरचा ग्लायकोकॅलिक्सचा पातळ थर. प्रथिनांची ओढ मोजायची ती या थराच्या दोन बाजूंमध्ये. बाहेर जाणारा प्रवाह थराखालची जागा सतत धुऊन काढतो. तो थांबला की तिथे प्रथिनं साचतात आणि ओढ कमी होते. म्हणून आत शोषण सुरू झालंच तरी फार वेळ टिकत नाही. रक्तस्राव झाला की काही काळ होतं, तेवढंच. लेव्हिक आणि मिशेल यांनी २०१० मध्ये हे सगळं एकत्र मांडलं: बहुतेक ऊतकांत केशवाहिनीच्या पूर्ण लांबीतून थोडं थोडं पाणी बाहेरच जातं, आणि ते परत आणते लसीका. दिवसाला अंदाजे आठ लिटर. मूत्रपिंडातल्या नलिकांभोवतीच्या आणि आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या केशवाहिन्या याला अपवाद. तिथे सतत शोषण चालतं.

गंमत बघ, या दुरुस्तीचं नावही 'सुधारित स्टार्लिंग सिद्धांत' असंच आहे. दाब आणि ओढ यांच्या तोलाची कल्पना त्याचीच, फक्त प्रथिनांची ओढ कुठे मोजायची ती जागा बदलली. एखाद्या निबंधाचा प्रभाव किती, हे आजकाल उद्धरणं मोजून ठरवतात. १८९६ चा तो निबंध उघडून न बघता त्याचं नाव घेणारे हजारो असतील, त्यांतली एक मी होते. शंभर वर्षांनी ज्यांनी तो खोडायला घेतला, त्यांनी तो माझ्यापेक्षा नक्कीच नीट वाचला होता.

परीक्षेत चारही दाब लिही (वाहिनीच्या आतला आणि बाहेरचा दाब, आतल्या आणि बाहेरच्या प्रथिनांची ओढ), समीकरण लिही, जुनी आकृती काढ. खाली दोन ओळी घाल: बहुतेक ऊतकांत शिरेकडे कायमचं शोषण होत नाही, पाणी लसीकेतून परततं. गुण कापणारे परीक्षक भेटतीलही, तरी लिही.

प्रश्न : हृदय जितकं जास्त भरतं तितक्या जोरात ते आकुंचन पावतं, या हृदयाच्या नियमाचा स्टार्लिंग हाच का?

उत्तर : हाच. बेडकाच्या हृदयावर फ्रांकने आधी, १८९५ मध्ये, काम केलं होतं, म्हणून 'फ्रांक-स्टार्लिंग' हे जोडनाव. आणि १९०२ मध्ये मेहुणा बेलिस याच्याबरोबर सिक्रेटिन, म्हणजे स्वादुपिंडाला पाचकरस स्रवायला लावणारं द्रव्य, शोधणाराही हाच. 'हॉर्मोन' हा शब्द त्याने १९०५ च्या व्याख्यानांत वापरला. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. मला आपलाच शब्द जास्त आवडतो. काम काय ते नावातच कळतं.